एसटीपीचं बिल पुन्हा चढलं? ब्लोअर बदलण्याआधी हवा कुठे जाते ते बघा

दर पाच-सहा महिन्यांनी तोच फोन येतो, फक्त सोसायटीचं नाव वेगळं असतं. "साहेब, डिफ्यूझर बदलले तेव्हा दोन महिने मस्त चाललं. आता पुन्हा पहाटे दुसरा ब्लोअर लावावा लागतोय. नाही लावला तर सकाळी वास सुटतो आणि लोक खाली येऊन ओरडतात." सेक्रेटरींचं म्हणणं निराळं असतं. डिफ्यूझरवर, म्हणजे टाकीच्या तळाशी रबराच्या बारीक छिद्रांतून हवा सोडणाऱ्या भागांवर, एवढा खर्च झाला, कॉन्ट्रॅक्टर बदलला, तरी कॉमन मीटरचं बिल होतं तिथेच.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागातल्या गृहसंकुलांच्या सांडपाणी प्रकल्पांवर (एसटीपी) मी बरीच वर्षं काम करतो. अशा प्रकल्पात जेवढी वीज लागते, तिच्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त एअरेशन टँकमध्ये, म्हणजे जिवाणू जिथे घाण खातात त्या टाकीत, हवा सोडणारे ब्लोअर खातात. त्यामुळे बिल चढलं की सगळे ब्लोअरकडे बघतात. ब्लोअर जुना झाला, डिफ्यूझर चोंदले, नवीन मॉडेल घ्या. पण दुखणं पुन्हा पुन्हा त्याच वेळी, म्हणजे पहाटे, डोकं वर काढत असेल तर मशीनला दोष देण्याआधी एक गोष्ट तपासा: ब्लोअरने ढकललेली हवा खरंच एअरेशन टँकमध्ये पोचते आहे का?

आधी चोवीस तासांचा एक कागद

कुठलाही व्हॉल्व्ह फिरवू नका. एका पूर्ण दिवसाचे, दर दोन तासांनी, पाच आकडे लिहा: इक्वलायझेशन टँकमधली (येणारं सांडपाणी आधी जमा होतं ती टाकी) पाण्याची पातळी, हवेच्या हेडरवरचं (ब्लोअरपासून निघणारा मुख्य पाइप) प्रेशर, प्रत्येक ब्लोअरचे अँपिअर, एअरेशन टँकमधला विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे डीओ, आणि त्या वेळी किती ब्लोअर चालू होते. लॉगबुकमध्ये हे रकाने बहुतेक ठिकाणी छापलेले असतात. पण रात्रीचे आकडे सकाळी एका बैठकीत भरले जातात आणि सगळे सारखे असतात. त्यासाठी ऑपरेटरला रागावून उपयोग नाही. बारा तासांची ड्यूटी एकट्याने काढणाऱ्या माणसाला ते आकडे कुणी पुन्हा विचारतच नाही. त्या एका रात्री तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर थांबा. मी थांबतो, आणि निम्मं उत्तर त्या रात्रीच मिळतं.

डीओ मीटर आधी हवेत कॅलिब्रेट करून घ्या. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, त्यामुळे २५ अंश सेल्सिअसला पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ७.७ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन विरघळतो. समुद्रकाठी तोच आकडा ८.२ च्या आसपास असतो. मीटरमध्ये उंची किंवा दाब भरलेला नसेल तर सगळी रीडिंग चुकतात, आणि चुकीच्या रीडिंगवर घेतलेला प्रत्येक निर्णय बिलात उतरतो. प्रोब पाण्यात मीटरभर खाली सोडा, आणि टँकच्या आत येणाऱ्या टोकाला, मध्ये आणि बाहेर पडणाऱ्या टोकाला अशा तीन जागी मोजा.

पहाटेचं कोडं

अशाच एका प्रकल्पावर, पश्चिम पुण्यातल्या मोठ्या संकुलात, रात्री अकराला सगळं ठीक होतं. हेडरवर ०.४५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, डीओ दोनच्या वर. एक वाजता प्रेशर उतरायला लागलं. चारला ते ०.३५ च्या खाली आलं, आणि एअरेशन टँकवर टॉर्च मारली तर पाणी जवळजवळ स्तब्ध. मधूनच एखादा बुडबुडा. शेजारच्या इक्वलायझेशन टँकचं झाकण उचललं तर आत कढईत तेल उकळावं तसा खळखळाट.

ब्लोअर नीट होता, डिफ्यूझरही नीट होते. दोन्ही टाक्यांना हवा एकाच हेडरमधून जात होती, हे खरं कारण.

हवा सोपी वाट धरते. एअरेशन टँकमधली पातळी हलत नाही, कारण पाणी वरून ओसंडून पुढे जातं. डिफ्यूझरच्या वर चार मीटर पाणी असेल तर तिथे हवा शिरायला ०.४ किलोचा दाब लागणारच, वर पाइप आणि रबराचा अडथळा. इक्वलायझेशन टँकचं तसं नाही. रात्री दहा-अकरापर्यंत घरोघरची भांडी, आंघोळी, वॉशिंग मशीन आटोपतात आणि ती टाकी तुडुंब असते. मग पंप तिच्यातलं पाणी रात्रभर एअरेशन टँककडे उपसतो, नवीन पाणी येत नाही, आणि पहाटे चार-पाचला तळाशी मीटरभरही पाणी राहत नाही. तिथे आता ०.१ किलोला हवा बाहेर पडते. शिवाय तिथले डिफ्यूझर मोठ्या भोकांचे, अडथळा नगण्य. मग चार मीटर पाण्याखालच्या बारीक छिद्रांमधून हवा कशाला जाईल?

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. ट्विन लोब ब्लोअर दर फेऱ्याला ठरावीक हवा ढकलतो, आणि त्याची वीज समोरच्या दाबाप्रमाणे कमी-जास्त होते. पहाटे दाब उतरला की अँपिअरही उतरतात. पॅनेलवर बघणाऱ्याला वाटतं, बरं झालं, लोड कमी झाला. प्रत्यक्षात ब्लोअर फुकट फिरतोय, जिवाणू गुदमरताहेत, आणि डीओ शून्याकडे चाललाय. वास सुटला की ऑपरेटर दुसरा ब्लोअर लावतो. त्याच्या हातात तेवढंच असतं. त्या दुसऱ्या ब्लोअरची बरीचशी हवाही आधी त्याच इक्वलायझेशन टँककडे पळते.

आता डिफ्यूझर बदलल्यावर दोन महिने बरं का चाललं, तेही कळतं. नवं रबर मऊ असतं, छिद्रं सहज उघडतात, एअरेशन टँकचा अडथळा घटतो आणि हवेची वाटणी थोडी सुधारते. रबरावर थर चढायला लागला की पारडं पुन्हा दुसरीकडे झुकतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो डिफ्यूझर हलक्या प्रतीचे होते, सोसायटी म्हणते कॉन्ट्रॅक्टर खोटा, आणि पुन्हा नवीन कोटेशन मागवलं जातं. माझ्या बघण्यात चांगले चालणारे डिफ्यूझर या भांडणात काढून फेकले गेले आहेत. वाईट वाटतं.

उपाय, स्वस्तापासून महागाकडे

पहिला, जवळपास फुकटचा: इक्वलायझेशन टँककडे जाणाऱ्या फांदीवरचा व्हॉल्व्ह दाबा, म्हणजे अर्धवट बंद करा. टाकी रिकामी असताना, म्हणजे पहाटे, एअरेशन टँकवर उभं राहून तो थोडा थोडा बंद करत जा. हेडरचं प्रेशर वर येईल आणि एअरेशन टँकमध्ये सगळीकडे सारखे बुडबुडे दिसायला लागतील, तिथे थांबा. हँडलच्या जागेवर रंगाची खूण करा आणि साखळीने बांधून टाका, नाहीतर आठवड्यात कुणीतरी "हवा कमी येतेय" म्हणून पूर्ण उघडेल. एक इशारा: फांदीवरचा व्हॉल्व्ह दाबणं वेगळं आणि ब्लोअरच्या तोंडाशी असलेला मुख्य व्हॉल्व्ह दाबणं वेगळं. लोब ब्लोअरचा मुख्य व्हॉल्व्ह दाबून हवा कमी होत नाही. दाब वाढतो, मोटर तापते, वीज जास्त जाते आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो.

दुसरा: पंपाचा खालचा फ्लोट (पाणी उतरलं की पंप बंद करणारा तरंगता स्विच) वर उचलून इक्वलायझेशन टँकमध्ये दीड-एक मीटर पाणी कायम राहील असं करा. पंपाचा ताशी प्रवाहही बघा. बरेचदा पंप इतका मोठा असतो की रात्री दोनलाच टाकी संपते आणि मग एअरेशन टँक पहाटेपर्यंत उपाशी राहतो. प्रवाह असा बसवा की संध्याकाळचं पाणी सकाळच्या गर्दीपर्यंत पुरेल.

तिसरा, आणि माझ्या मते कायमचा: इक्वलायझेशन टँकला वेगळा छोटा ब्लोअर. त्या टाकीत मैला तळाशी बसू नये आणि पाणी सडू नये एवढीच हवा लागते, टाकीतल्या पाण्याच्या प्रत्येक घनमीटरमागे ताशी ०.६ ते ०.९ घनमीटर. म्हणजे ६० घनमीटर पाण्याला ताशी ३६ ते ५४ घनमीटर.

याच्या शेजारी एअरेशनचा हिशोब मांडून बघा. धरा ४०० फ्लॅट, १,६०० माणसं. माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे दिवसाला सुमारे १७३ घनमीटर. बीओडी (घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप) लिटरला २५० मिलिग्रॅम धरला तर दिवसाला ४३ किलो. एक किलो बीओडी काढायला साधारण १.२ किलो ऑक्सिजन, म्हणजे ५२ किलो. अमोनियाचं नायट्रेट करायला प्रत्येक किलो नायट्रोजनमागे ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो, त्याचे आणखी २४ किलो धरा. एकूण ७५-७६. बारीक बुडबुड्यांच्या डिफ्यूझरमधून चार मीटर खोलीत, सांडपाण्यात, प्रत्यक्षात हवेतल्या ऑक्सिजनपैकी सात-आठ टक्केच विरघळतो. या हिशोबाने ताशी दीडशे घनमीटरच्या आसपास हवा पुरते. आता तुमच्या ब्लोअरच्या नेमप्लेटवरचा आकडा वाचा. तो याच्या दुप्पट असेल आणि तरीही डीओ पडत असेल, तर हवा दुसरीकडे जाते आहे, हे नक्की.

त्याच हेडरवर आणखी कोण कोण बसलंय तेही शोधा. स्लज, म्हणजे जिवाणूंचा गाळ, साठवण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह, स्लज परत आणणारी एअरलिफ्ट, कधीकाळी कुणी काढून ठेवलेली होज पाइप. एका ठिकाणी जमिनीखालच्या हेडरला भेग होती आणि पावसाळ्यात बागेत बुडबुडे आल्यावर ती सापडली.

हवा जागेवर आली, आता खरी बचत

वाटणी सुधारली की दुसरा ब्लोअर बंद होतो, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. थांबू नका. आता रात्री डीओ चार-पाचपर्यंत चढलेला दिसेल. तो चांगला नाही, तो वाया जाणारा पैसा आहे.

ऑक्सिजन पाण्यात किती वेगाने शिरतो, हे पाणी किती भुकेलं आहे यावर ठरतं. ७.७ ची कमाल आणि डीओ २ असेल तर मधली जागा ५.७. डीओ ४ असेल तर फक्त ३.७. तेवढाच ऑक्सिजन ढकलायला दीडपटीहून जास्त हवा लागते, आणि जिवाणूंना त्याचा काही उपयोग नसतो. साध्या ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धतीत, म्हणजे जिवाणू पाण्यात मोकळे असतात तिथे, दीड ते दोन पुरे. मात्र टँकमध्ये प्लास्टिकची चाकं तरंगत असतील, म्हणजे एमबीबीआर असेल, तर हा आकडा लावू नका. तिथे चाकांवरच्या थरात आतपर्यंत ऑक्सिजन पोचायला आणि चाकं फिरती राहायला तीनच्या आसपास किंवा थोडा वरच लागतो.

हवा कमी करायची ती ब्लोअरचा वेग कमी करून. पुली बदलणं सगळ्यात स्वस्त, पण मग वेग एकच राहतो. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावली तर दिवसा आणि रात्री वेगळा वेग ठेवता येतो. इथे विक्रेते एक हिशोब दाखवतात, तो नीट समजून घ्या. वेग २० टक्के घटवला की वीज जवळजवळ निम्मी, असं ते सांगतात. तो नियम पंख्याचा आणि सेंट्रिफ्यूगल ब्लोअरचा, आणि तिथेही समोर पाण्याचा ठरलेला दाब असला की तो पूर्ण लागू पडत नाही. ट्विन लोबला ५० हर्ट्झवरून ४० वर आणलं तर वीज साधारण २० टक्केच वाचते. तीही कमी नाही. टॉंग टेस्टरवर (वायरभोवती लावून करंट मोजायचा चिमटा) १० अँपिअर दिसत असतील तर ४१५ व्होल्ट आणि ०.८५ पॉवर फॅक्टरला ते ६.१ किलोवॅट होतात, चोवीस तासांत १४७ युनिट. त्याचे २० टक्के म्हणजे रोजचे २९ युनिट. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा आणि मगच व्हीएफडीची किंमत किती दिवसांत वसूल होईल ते ठरवा.

वेग किती खाली न्यायचा याला दोन मर्यादा आहेत. कमी वेगात लोब ब्लोअरमध्ये हवा आतल्या आत मागे सरकते आणि तो तापतो, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान बघत बघत खाली या आणि उत्पादकाने दिलेल्या किमान वेगाच्या खाली जाऊ नका. दुसरी मर्यादा गाळाची. तळाच्या दर चौरस मीटरला ताशी सव्वादोन घनमीटरपेक्षा कमी हवा गेली तर स्लज कोपऱ्यात बसायला लागतो, मग डीओ कितीही चांगला असो.

टायमर लावून ब्लोअर अधूनमधून बंद ठेवण्याची पद्धतही चालते. वीस-तीस मिनिटं हवा बंद असली की जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात, तेवढा आपला वाचतो. पण हे सगळ्यात शेवटी करा. वाटणी बिघडलेली असताना टायमर लावणं म्हणजे उपाशी माणसाला उपास घडवणं. आणि बिल कमी दिसावं म्हणून रात्रभर ब्लोअर बंद ठेवणारेही आहेत. कृपा करून तसं करू नका. सडलेलं पाणी पुढे नाल्यात जातं आणि तिथून मुळा-मुठेत.

स्लजकडे दुर्लक्ष

हवेइतकंच हे महत्त्वाचं आहे. स्लज दाबून त्यातलं पाणी काढणारं फिल्टर प्रेस चालवणं कटकटीचं, घाणीचं काम. त्यामुळे जास्तीचा स्लज काढलाच जात नाही. एमएलएसएस, म्हणजे टँकमधल्या लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम स्लज आहे तो आकडा, साडेतीन-चार हजाराऐवजी सात-आठ हजारांवर जातो. हे जास्तीचे जिवाणू काम न करता श्वास घेतात, आणि घट्ट झालेल्या पाण्यात ऑक्सिजन विरघळतोही कमी. दोन्हीकडून मार. एक लिटरच्या मोजपात्रात टँकमधलं पाणी घ्या, अर्धा तास ठेवा. स्लज ८००-९०० मिलिलिटरच्या खाली बसत नसेल तर आधी दुप्पट पातळ करून तीच चाचणी पुन्हा करा. पातळ केल्यावर छान बसला तर स्लज जास्त झालाय, काढायला घ्या. रोज थोडा थोडा, दोन-तीन आठवडे. एकदम अर्धा टँक उपसू नका. पातळ करूनही फुगलेलाच राहिला तर तो तंतुमय जिवाणूंचा प्रश्न आहे, आणि तो बरेचदा याच पहाटेच्या ऑक्सिजन-उपासातून आलेला असतो.

डिफ्यूझर खरंच चोंदले असतील तर

ते प्रेशर सांगतं. इक्वलायझेशनची फांदी पूर्ण बंद, एकच ब्लोअर, ठरलेला वेग: या स्थितीत महिन्यातून एकदा हेडरचं प्रेशर लिहून ठेवा. चार मीटर पाण्याला ०.४५ च्या आसपास असणारा आकडा ०.५५ वर गेला तर त्याच हवेसाठी तुम्ही पाचव्या हिश्श्याहून जास्त वीज मोजताय. पुण्याच्या कडेच्या भागात, जिथे बोअरचं आणि टँकरचं जड पाणी वापरतात, तिथे रबरावर क्षारांचा पांढरा थर चढतो आणि हे लवकर होतं. पाच-दहा मिनिटं दोन्ही ब्लोअर एकदम लावून रबर ताणलं तर वरचा मऊ थर सुटतो. क्षार मात्र त्याने जात नाहीत, त्याला ॲसिडची सफाई किंवा नवीन रबर.

उलट लक्षण, म्हणजे प्रेशर कमी आणि एकाच जागी पाणी उसळी मारतंय, तर तिथलं रबर फाटलंय किंवा पाइप निसटलाय.

एअर फिल्टर, सैल व्ही-बेल्ट, गळका सेफ्टी व्हॉल्व्ह हे पाच मिनिटांत बघून होतं. टॅकोमीटरने ब्लोअरचे फेरे मोजा, बेल्ट घसरत असेल तर लगेच कळतं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. डिफ्यूझर बघायला कुणालाही टाकीत उतरवू नका. टाकी रिकामी दिसली तरी तळाच्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो जास्त असला की वास यायचाच बंद होतो, आणि एकदोन श्वासांत माणूस पडतो. त्याला काढायला उतरलेलाही पडतो. गटारं आणि सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईवर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. एसटीपीची टाकी त्यांच्याइतकीच जीवघेणी आहे. वरून उचलून काढता येतील असे डिफ्यूझर बसवून घ्या. ते थोडे महाग पडतात. पडू देत.

हे सगळं करूनही, प्रेशर जागेवर, स्लज आटोक्यात, इक्वलायझेशनची हवा वेगळी, आणि तरी दिवसा डीओ एकच्या वर येत नसेल, तर येणारं पाणीच जड झालंय. तळमजल्यावर नवीन हॉटेल सुरू झालंय का, तेलकट पाण्याचा ट्रॅप साफ होतो का, बाहेरचा टँकर रात्री चेंबरमध्ये मैला ओततो का, ते शोधा. येणाऱ्या पाण्याचा बीओडी आणि सीओडी (तेच माप, पण रसायनाने काढलेलं) प्रयोगशाळेतून करून घ्या, दिवसभराचा मिश्र नमुना देऊन, एका बाटलीचा नव्हे. लोड खरंच वाढलेला निघाला तर दुसरा ब्लोअर लावा, आणि निर्धास्तपणे लावा.